ताटातील लोह आणि मजुरीचा दर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रक्तक्षयाचा विषय निघाला की दोन प्रकारची माणसे पुढे येतात. एक म्हणतात, हा वैद्यकाचा प्रश्न आहे, गोळ्या वाटा आणि मोकळे व्हा. दुसरे म्हणतात, हा दारिद्र्याचा प्रश्न आहे, दारिद्र्य हटेल त्या दिवशी तोही हटेल. तोवर आहाराच्या गोष्टी सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पाकशास्त्र शिकवणे. पहिल्यांचे म्हणणे अपुरे आहे हे कार्यकर्त्यांना पटवून द्यावे लागत नाही. दुसऱ्यांचे म्हणणेही तितकेच अपुरे आहे, हे मात्र पुष्कळदा पटवून द्यावे लागते. बाजरीची भाकरी खाणारी आणि रेशनच्या तांदळाचा भात खाणारी अशा दोन स्त्रिया एकाच मजुरीवर एकाच बांधावर राबत असल्या, तरी दोघींच्या रक्ताची स्थिती सारखी राहत नाही. तेव्हा ताटात काय आहे हे पाहिले पाहिजे आणि ते तिथे कोणी वाढले हेही पाहिले पाहिजे.

आधी दुखण्याचा आवाका पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ साली, देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५३ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हे प्रमाण ५७ टक्के झाले. महाराष्ट्राचे आकडे अनुक्रमे ४८ आणि ५४ टक्के आहेत. देशातील त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. या मोजणीबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबातून मोजले की हिमोग्लोबिन प्रत्यक्षाहून कमी दिसण्याचा संभव असतो, असा आक्षेप घेतला गेला. पुढे याच कारणाने सहाव्या फेरीतून ही तपासणी वगळून ती शिरेतील रक्त घेणाऱ्या स्वतंत्र पाहणीकडे सोपविण्यात आली. आक्षेपात तथ्य आहे. पण ज्या मापाने स्त्रिया मोजल्या त्याच मापाने पुरुषही मोजले होते. माप सदोष मानले तरी स्त्री-पुरुषांमधले अंतर उरतेच, आणि एका चुलीवर शिजलेले अन्न खाणाऱ्या दोघांत ते का पडावे हा खरा प्रश्न आहे.

अंतराचा काही भाग निसर्गाने घातलेला आहे. मासिक पाळीत रक्त जाते, गरोदरपणात आईच्या रक्तातून बाळाचे रक्त घडते, बाळंतपणात पुन्हा रक्तस्राव होतो. म्हणून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ पुरुषासाठी दिवसाला १९ मिलिग्रॅम आणि प्रौढ स्त्रीसाठी २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. म्हणजे शास्त्र सांगते की लोहापुरता तरी घरातील स्त्रीचा वाटा पुरुषापेक्षा दीडपट मोठा असला पाहिजे. घरातील रीत नेमकी याच्या उलट सांगते. ती सर्वांना वाढून शेवटी जेवते. उसळीतले दाणे आधीच्या ताटांत गेलेले असतात, तिच्या वाट्याला रस्सा, मिरचीचा ठेचा आणि सकाळची भाकरी उरते. यात कोणी दुष्टपणा करतो असे नव्हे. सासूने हेच केले, तिच्या सासूनेही हेच केले. पण हिशेब हिशेबच असतो. ज्याची गरज अधिक त्याला कमी, असे वाटप ज्या घरात रोज दोन वेळा होते, त्या घरात समतेवरची भाषणे कोणत्या तोंडाने करायची, हे पुरुष कार्यकर्त्यांनी आपल्या घरी जाऊन ठरवावे.

आता लोहाच्या स्वभावाकडे वळू. अन्नातील लोह दोन प्रकारचे असते. मांस, मासे, काळीज यांतील लोह शरीर सहज शोषून घेते. धान्य, डाळी, भाज्या यांतील लोह हट्टी असते. धान्याच्या कोंड्यातील फायटेट आणि चहातील टॅनिन त्याला धरून ठेवतात, आणि खाल्लेल्यापैकी शंभरात सात-आठ भागच रक्तापर्यंत पोहोचतात. म्हणून कोणत्या पदार्थात लोह किती, एवढे पाठ करून भागत नाही. तो पदार्थ कशासोबत खाल्ला याला तितकेच महत्त्व आहे. क जीवनसत्त्व ही बेडी सैल करते. मटकीला मोड आणले की फायटेट कमी होते आणि क जीवनसत्त्व तयार होऊ लागते. अशा उसळीवर लिंबू पिळले, सोबत कच्चा कांदा किंवा कोबी घेतला, हंगामात आवळा वा पेरू खाल्ला, तर त्याच भाकरीतून अधिक लोह मिळते. पीठ आंबवण्याने, नाचणीची आंबील करण्यानेही असाच लाभ होतो. लोखंडी तव्यावर किंवा कढईत चिंच-आमसुलाचे आंबट कालवण शिजवले तर भांड्याचे थोडे लोह अन्नात उतरते. ॲल्युमिनियमची हलकी भांडी आली तेव्हा बायकांचा जोर वाचला हे खरे, पण ही किरकोळ मिळकत गेली.

शहरी सल्लागारांचे काही गैरसमजही दूर केले पाहिजेत. रक्त वाढवायचे तर बीट खा, डाळिंब खा, खजूर खा, असे सर्रास सांगितले जाते. बीट लाल असते, डाळिंब लाल असते, रक्तही लाल असते. या साम्यापलीकडे त्या सल्ल्यात फारसे काही नाही. बिटात शंभर ग्रॅममागे एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर लोह असते, डाळिंबातही ते कमीच. उलट बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या पुढे, मटकीत आठच्या जवळपास, मसुरीत सात, ज्वारीत चार. राजगिरा, तीळ, अळीव, माठासारख्या पालेभाज्या, काळे वाटाणे, हरभरा ही सर्व आपल्याकडच्या बाजारातील साधी नावे आहेत. मजुरणीला डाळिंब सांगणे म्हणजे तिच्या गरिबीवर आणखी एक दंड बसवणे होय. गुळाचेही थोडे कौतुक कमी करायला हवे. शेंगदाण्यासोबत तो जरूर खावा, पण गुळाच्या खड्याने रक्तक्षय बरा होत नाही.

उपवासाबद्दल एक सूचना जाता जाता. उपवास सोडा असे सांगून कोणी सोडत नाही, आणि ते सांगण्यात शक्ती घालवण्याचे कारणही नाही. साबुदाण्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नसते. त्याच दिवशी राजगिऱ्याची भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली तर उपवासही होतो आणि लोहही मिळते.

चहाचा प्रश्न मात्र जाता जाता सुटण्यासारखा नाही. जेवणासोबत वा जेवणानंतर लगेच चहा घेतला तर त्या जेवणातील लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकते. उपाय सोपा आहे: जेवण आणि चहा यांत तास-दोन तासांचे अंतर ठेवावे. पण कष्टकऱ्याच्या जीवनात चहा हे पेय नसून भूक मारण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. पहाटे अर्धा कप गोड चहावर बाई कामाला लागते. दहाला भाकरी आणि लगेच पुन्हा चहा, तोही मालकाच्या सवडीने. त्यामुळे ‘चहा सोडा’ न म्हणता ‘भाकरीच्या सुट्टीत चहा नको, चहाची सुट्टी निराळी द्या’ असे म्हणावे लागते. ही मजुरीच्या अटींची मागणी झाली. आहाराचा सल्ला पुढे नेला की तो असा कुठेतरी करारावर जाऊन थांबतो.

मांसाहाराच्या बाबतीत महाराष्ट्रात उघडपणे बोलले जात नाही, म्हणून ते येथे बोलले पाहिजे. शाकाहार ही ज्यांची निष्ठा आहे त्यांनी ती पाळावी. मोड, लिंबू, पालेभाजी यांवर त्यांचे निभू शकते. पण महाराष्ट्रातील बहुसंख्य जनता शाकाहारी नाही. ती परवडेल तेव्हा मांस खाते. जेवणात थोडे मांस वा मासळी असली तर धान्यातील लोहाचे शोषणही वाढते. कोकणात सुकट, जवळा, बोंबील यांनी हे काम पिढ्यान् पिढ्या केले. देशावर आणि मराठवाड्यात गावकुसाबाहेरच्या वस्त्यांनी ज्या पदार्थांवर तग धरला, त्यांची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात केली आहे. त्यांत जनावराच्या रक्ताचे आणि अवयवांचे पदार्थ आहेत. ज्यांना पांढरपेशा समाजाने घाण म्हणून हिणवले, ते पदार्थ लोहाच्या दृष्टीने अव्वल दर्जाचे होते. गाईच्या हत्येला महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५ साली ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. त्या वेळी शेतकऱ्याच्या भाकड जनावरांविषयी, कातड्याच्या धंद्याविषयी थोडी चर्चा झाली. गरिबाला बकऱ्याच्या मटणाच्या कितीतरी कमी भावात मिळणारे लोह आणि प्रथिने त्याच्या पानातून उचलली गेली, हा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडला.

आता सर्वांत महत्त्वाची मर्यादा. आहाराने रक्तक्षय टाळता येतो. जडलेला रक्तक्षय केवळ आहाराने फेडणे फार कठीण. याचे गणित कोणालाही करता येईल. पंचेचाळीस किलो वजनाच्या स्त्रीच्या अंगात सुमारे तीन लिटर रक्त असते. तिचे हिमोग्लोबिन १२ ऐवजी ८ असेल, तर तिला एकूण १२० ग्रॅम हिमोग्लोबिन कमी पडते. एका ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम लोह लागते, म्हणजे तूट ४०० मिलिग्रॅमची. शरीराची शिल्लक भरायला आणखी काहीशे लागतात, ते निराळे. तिने आहार सुधारून ताटातील लोह रोज सहा मिलिग्रॅमने वाढवले, तर त्यातले अर्धा मिलिग्रॅम रक्तात उतरणार. चारशेची तूट भरायला आठशे दिवस हवेत. आणि एवढ्या काळात तिला एखादे बाळंतपण येऊन गेले तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. उलट सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. त्यातले दहा टक्के शोषले गेले तरी अडीच महिन्यांच्या आत तूट भरते. सावकारी कर्जाचा अनुभव असणाऱ्यांना हे लगेच समजेल: आहाराने व्याज चुकते होते, मुद्दल फेडायला गोळी लागते. आणि गोळीने मुद्दल फेडल्यावर ताट पूर्वीचेच राहिले, तर कर्ज पुन्हा चढते.

या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० सालापासून चालू आहे. २०१८ मध्ये ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावाने त्याची नवी आखणी झाली. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक गोळी, असा नियम आहे. नियमात दोष नाही. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, बद्धकोष्ठ होतो. हे आधी कोणी सांगितलेले नसते, म्हणून बाई घाबरते आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. कार्यकर्तीने एवढे सांगितले तरी पुष्कळ काम होईल: काळा रंग लोहाचाच आहे, मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नव्हे, आणि गरोदरपणात मिळणारी कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर घरगुती उपायांत दिवस न घालवता रुग्णालय गाठावे. प्रत्येक फिकट चेहऱ्यामागे लोहाचाच अभाव असतो असेही नाही. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायांतून शिरणारे आकडीकृमी आतड्यात रक्त पितात. तिथे जंताची गोळी, चप्पल आणि संडास हेच औषध. पाळीत फार रक्त जात असेल तर त्याची तपासणी हवी. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी भागांत सिकलसेलचा आजार आहे; तिथे तपासणी न करता नुसते लोह देत राहणे हा उपचार नव्हे.

आता ताट कोण भरते याकडे येऊ. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिना पाच किलो धान्य मिळते; जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. पाच किलो म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. ते सगळे तांदूळ असतील तर त्यातून जेमतेम एक मिलिग्रॅम लोह मिळते, कारण सडलेल्या तांदळाच्या शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसते. त्याऐवजी एखाद्या स्त्रीने दोनशे ग्रॅम बाजरीची भाकरी खाल्ली तर बारा मिलिग्रॅम. पन्नास ग्रॅम मटकीचे चार. पालेभाजीचे आणखी तीन. बेरीज एकोणीस होते. २९ ची शिफारस यानेही गाठली जात नाही, पण ती शिफारस जवळजवळ सर्व स्त्रियांची गरज भागावी एवढी वरची आहे. सर्वसाधारण स्त्रीची गरज परिषदेने १५ मिलिग्रॅम मानली आहे, आणि ती या ताटाने भागते. हे ताट खानदेशात, सोलापूर-अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यात कोणी शिकवल्याशिवाय रूढ होते.

मग ते मोडले कसे? गहू-तांदळाला खात्रीची सरकारी खरेदी, कालव्याचे पाणी आणि रेशनचे दुकान मिळाले. ज्वारी-बाजरीला यांतले फारसे काही मिळाले नाही. ज्वारीच्या काढणीला माणसे लागतात, पाखरे राखावी लागतात; ऊस आणि सोयाबीन यांना बाजार तयार होता. डाळींची कथा याहून वाईट. १९६१ साली देशात दरडोई दररोज ६९ ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. २००१ साली ३० ग्रॅम. पुढे हे प्रमाण काहीसे सावरले, पण १९६१ ची पातळी आली नाही. चाळीस वर्षांत पोट भरण्याची सोय झाली हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसे ते नाकारणार नाहीत. परंतु पोट भरणे आणि रक्त भरणे या दोन गोष्टी आहेत, आणि धोरणकर्त्यांनी पहिलीत दुसरी आपोआप येते असे गृहीत धरले.

चूक लक्षात आल्यावर उपाय निघाला तो कारखान्याच्या वाटेचा. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी पोषणयुक्त तांदळाची घोषणा केली आणि मार्च २०२४ पर्यंत सरकारी योजनांतील सर्व तांदूळ तसा केला गेला. शंभर दाण्यांत लोह घातलेला एक दाणा मिसळायचा, अशी ही पद्धत. त्याने शंभर ग्रॅममागे तीन-चार मिलिग्रॅम लोह येते. त्याला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. पण गिरणीत कोंड्याबरोबर लोह काढून टाकायचे आणि पुन्हा पैसे मोजून दुसऱ्या गिरणीत ते घालायचे, हा व्यवहार अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही खटकावा. दुसरी वाट उपलब्ध नाही असेही नाही. इक्रिसॅट आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी ‘धनशक्ती’ हे अधिक लोहाचे बाजरीचे वाण दिले. त्या बाजरीची भाकरी महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना काही महिने देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. लोहाचा अभाव असलेली मुले साध्या बाजरीवरील मुलांपेक्षा अधिक प्रमाणात त्यातून बाहेर आली. तामिळनाडूने २००७ पासून रेशनवर स्वस्त तूरडाळ दिली. शेजारच्या कर्नाटकाने नाचणी आणि ज्वारी रेशनच्या दुकानात आणून दाखवली. महाराष्ट्रात मात्र २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा बाजरीची बिस्किटे शहरांच्या प्रदर्शनांत अधिक दिसली. महिना किलोभर डाळ आणि धान्याच्या कोट्यातला निम्मा भाग ज्वारी-बाजरी, ही मागणी अवास्तव नाही. आणि ती कोरडवाहू शेतकऱ्याच्याही हिताची आहे, कारण त्याच्या मालाला खात्रीचे गिऱ्हाईक मिळते.

मजुरीचा संबंध शेवटी येतो, पण तो सर्वांत खोल आहे. इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांत झालेला एक अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. रक्तक्षय असलेले मजूर इतरांपेक्षा कमी चीक गोळा करीत. साठ दिवस लोह दिल्यावर त्यांचे काम इतरांच्या बरोबरीला आले. जिथे मजुरी वजनावर मिळते तिथे याचा अर्थ सरळ आहे. रक्त कमी, म्हणून काम कमी. काम कमी, म्हणून मजुरी कमी. मजुरी कमी, म्हणून डाळ नाही. डाळ नाही, म्हणून रक्त कमी.

हे चक्र पाहायला इंडोनेशियाला जाण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास निघणारी ऊसतोड्यांची टोळी पाहावी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि तोड टनावर मोजली जाते. बाई पहाटे अंधारात उठून भाकऱ्या थापते, दिवसभर मोळ्या डोक्यावर वाहते, रात्री पुन्हा चूल पेटवते. पाळीच्या दिवसांत काम चुकले तर खाडा पडतो आणि दंड कापला जातो. या भीतीपायी किती स्त्रियांनी गर्भाशय काढून घेतले हे २०१९ साली नेमलेल्या सरकारी समितीसमोर आले. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ती शस्त्रक्रिया झाली होती. फडावरच्या कोपीत भाजीचा बाजार लांब, सरपण कमी, म्हणून आठवडाभर भाकरी आणि चटणी. हिला कोणी ‘आहारात पालेभाज्या ठेवा’ म्हणून सांगितले तर ती काय उत्तर देईल?

तरीही फडावर करता येण्यासारखे आहे. मटकी-हरभऱ्याला बाजाराची गरज नसते. फडक्यात बांधून मोड आणता येतात. पाथरी, तांदुळजा, घोळ बांधावर फुकट उगवतात. हे बाईने करावे. कारखान्याने आणि सरकारने करावयाचे ते असे: टोळ्या निघण्यापूर्वी गावातच प्रत्येक स्त्रीचे हिमोग्लोबिन तपासावे, कमी असेल तर हंगामभराच्या गोळ्या तिच्या हातात द्याव्यात, गरोदर स्त्रियांची यादी ज्या कारखान्याच्या हद्दीत त्या जाणार तेथील उपकेंद्राला आधी कळवावी. रेशनचे धान्य राज्यात कुठेही उचलता येते असे कागदावर आहे. फडाजवळच्या दुकानात ते खरोखर मिळते की नाही, याची चौकशी गळीत सुरू झाल्यावर पहिल्याच पंधरवड्यात करावी. आणि खाड्याचा दंड बंद व्हावा, ही अट मुकादमाशी नव्हे, कारखान्याशी बोलताना लेखी मागावी.